थर्मोइलेक्ट्रिक आणि टोपोलॉजिकल पदार्थांच्या यादीत तीच नावं का दिसतात?

तुमचे प्रश्न दोन आहेत: बिस्मथ टेल्युराइड थर्मोइलेक्ट्रिक (तापमानातल्या फरकातून वीज करणारे किंवा विजेने थंडावा देणारे) आणि टोपोलॉजिकल (ज्यांच्या पृष्ठभागावर वीज वाहून नेणारे खास इलेक्ट्रॉन असतात) अशा दोन्ही याद्यांत कसं, आणि टोपोलॉजिकल पदार्थाच्या पृष्ठभागावरचे ते खास इलेक्ट्रॉनच उष्णतेची वीज करतात का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: बहुतेक ठिकाणी नाही.

मी रत्नागिरीत बीएस्सीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. मागच्या मे महिन्यात आमचा गाडीतला छोटा कूलर बॉक्स बंद पडला. खाऱ्या हवेने आतले डाख खाल्ले होते. त्यातली पेल्टिए प्लेट (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम करणारी चकती) उघडली तर दोन पांढऱ्या सिरॅमिक चकत्यांच्या मध्ये करड्या दाण्यांच्या रांगा. एक दाणा चिमट्यात दाबला, तो अभ्रकासारखा पापुद्र्यांनी सुटला आणि आतला भाग आरशासारखा चकाकला. हेच ते बिस्मथ टेल्युराइड. याच्या स्फटिकात पाच-पाच अणुथरांचे गठ्ठे असतात आणि गठ्ठ्यागठ्ठ्यांतली पकड ढिली असते. 1954 पासून हा पदार्थ थंडाव्यासाठी वापरात आहे. 2009 मध्ये अशाच ताज्या सोललेल्या स्फटिकावर टोपोलॉजिकल इलेक्ट्रॉन दिसले. मला ही गोष्ट फार आवडते, वर्गात दरवर्षी सांगतो.

आता मूळ कारण: जड अणू. बिस्मथचा अणुक्रमांक 83. अणू जड आणि बंध मऊ असले की जाळीची कंपनं संथ होतात, उष्णता फारशी पुढे सरकत नाही. थर्मोइलेक्ट्रिकला नेमकं हेच हवं, कारण एक बाजू गरम आणि दुसरी गार राहिली तरच काम होतं. त्याच जड अणूत इलेक्ट्रॉनची गती आणि त्याचा स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकीय गुण) एकमेकांत घट्ट गुंततात. त्यात बँड गॅप (इलेक्ट्रॉनच्या दोन ऊर्जापट्ट्यांमधलं अंतर) अरुंद असेल तर वरचा आणि खालचा ऊर्जापट्टा आपली जागा बदलतात. पदार्थ टोपोलॉजिकल होतो तो इथे.

पट्टे उलटताना वाकतातही, आणि मला खरा दुवा इथे दिसतो. बिस्मथ टेल्युराइडमध्ये एकाच ऊर्जेच्या सहा दऱ्या (ऊर्जापट्ट्यातले खोलगट भाग, जिथे इलेक्ट्रॉन जमतात) तयार होतात. इलेक्ट्रॉनला वाटा जास्त मिळाल्या की वीजवाहकता चांगली ठेवूनही सीबेक व्होल्टेज (तापमानातल्या फरकाने तयार होणारं व्होल्टेज) टिकतं. एरवी एक वाढवायला गेलं की दुसरं पडतं.

पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन जेमतेम काही नॅनोमीटर खोलीत राहतात. माझ्या बॉक्समधला दाणा मिलिमीटरभर जाड, म्हणजे जवळजवळ सगळा प्रवाह पोटातूनच जातो. अतिपातळ फिल्ममध्ये मात्र हिशेब बदलू शकतो.

टोपोलॉजिकल नसूनही उत्तम थर्मोइलेक्ट्रिक असलेले पदार्थ आहेतच. लेड टेल्युराइड घ्या. त्यात शिशाच्या जागी थोडं थोडं कथिल घालत गेलं की गॅप मिटतो, मग पट्टे उलटे होऊन पुन्हा उघडतो. शेवटचं टोक, टिन टेल्युराइड, 2012 मध्ये टोपोलॉजिकल असल्याचं प्रयोगात दिसलं. तुम्हाला या विषयात खोल जायचं असेल तर सुरुवात याच मालिकेपासून करा. स्फटिकाची ठेवण तीच राहते, फक्त अणू बदलतो.