झांझिबारमधील लाल कोलोबस माकडे खरोखर कोळसा खातात का, आणि जंगल राखीव झाल्यावर ती सुरक्षित आहेत का?

कोळसा खातात हे खरे आहे. झांझिबारच्या उंगुजा बेटावरच निसर्गतः आढळणारे हे माकड मुख्यतः पाने आणि कच्ची फळे खाते. जोझानीच्या जंगलालगतच्या वाड्यांमध्ये त्याला आंब्याची आणि आपल्याकडे रस्त्याकडेला दिसणाऱ्या देशी बदामाची कोवळी पाने भरपूर मिळतात. ही दोन्ही झाडे आशियातून तिकडे गेलेली आहेत. त्यांच्या पानांत प्रथिने चांगली असली तरी पचनात अडथळा आणणारी फिनॉल द्रव्येही असतात आणि कोळसा ती शोषून घेतो. म्हणून ही माकडे कोळशाच्या भट्ट्यांजवळचे तुकडे किंवा जळक्या खुंटांचे कोळसे उचलून चावतात. पिल्ले ही सवय आईचे पाहून उचलतात, असे अभ्यासकांचे मत आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सरळ नाही. जोझानी-च्वाका बे राष्ट्रीय उद्यान 2004 मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 50 चौरस किलोमीटर असून त्यात भूजलावर वाढलेले दाट वन, खारफुटी आणि प्रवाळखडकावरचे झुडपी रान येते. संपूर्ण बेटाच्या गणनेत सुमारे 5,800 माकडे असल्याचा अंदाज निघाला, जो पूर्वीच्या अंदाजांपेक्षा बराच अधिक होता; तरीही ही जात संकटग्रस्तच मानली जाते, कारण त्यांपैकी बरीच माकडे उद्यानाबाहेर राहतात आणि तेथील झुडपी रान सरपण, कोळसा, शेती व बांधकाम यांसाठी तुटत चालले आहे. गंमत अशी, की ज्या भट्टीचा कोळसा माकडाच्या पोटाला मानवतो, तीच भट्टी त्याचे रान खाते. त्यामुळे माझ्या मते या जातीचे भवितव्य उद्यानाच्या कुंपणापेक्षा भोवतालच्या गावांवर अधिक अवलंबून आहे. उद्यानाच्या प्रवेशशुल्कातील वाटा गावांना देण्याची पद्धत म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. जंगलातून जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर अनेक माकडे गाड्यांखाली मरत असत. स्पीडब्रेकर घातल्यावर ते प्रमाण बरेच घटले.

तुम्ही तिकडे जाणार असाल, तर आपल्याकडच्या सवयीने केळी पुढे करू नका. या माकडांचे जठर अनेक कप्प्यांचे असून पिकल्या फळांतील साखर त्यांना सोसत नाही. ती माणसाला बुजत नाहीत, त्यामुळे अंतर आपणच राखावे लागते.