वाचकांचे प्रश्न : निबंध किती आणि माणसे किती?

या महिन्यात नाशिक जिल्ह्यातून आलेली तीन पत्रे योगायोगाने एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. त्यामुळे त्यांची उत्तरे या अंकात एकत्र देत आहे.

प्रश्न : माझा भाचा म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेतो. मधुमेह, हृदयविकार अशा दीर्घकालीन आजारांवर काम करणाऱ्या एका परदेशी संशोधकाच्या नावावर आठशे शोधनिबंध आहेत, असे त्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितले. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. पंचवीस वर्षांची कारकीर्द धरली, तरी दर अकरा-बारा दिवसांना एक निबंध पडतो. एका माणसाला हे जमते कसे? आणि जमत असेल, तर त्या लेखनावर विश्वास ठेवावा का?
— निवृत्त शिक्षिका, पंचवटी

उत्तर : आपला हिशेब चोख आहे, पण आपल्या भाच्याने सांगितलेले संशोधक या शर्यतीत बरेच मागे आहेत. वर्षाला ७२ हून अधिक, म्हणजे सरासरी दर पाच दिवसांना एक निबंध प्रसिद्ध करणाऱ्या लेखकांचा शोध जॉन इओआनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला होता व त्याचे निष्कर्ष २०१८ साली 'नेचर' या नियतकालिकात छापले होते. एकेका निबंधावर हजार-हजार लेखकांची नावे असतात असे भौतिकशास्त्रातले लेखक आणि सारख्या नावांमुळे गोंधळ होण्याचा संभव असलेले लेखक वगळल्यानंतरही २६५ जण उरले. त्यांत मोठ्या लोकसमूहांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या वैद्यकीय संशोधकांचा भरणा होता, आणि ते का, हे समजले की आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

लोकसमूहांतल्या आजारांचा असा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला आपण मराठीत 'साथरोगशास्त्र' म्हणतो आणि तिथेच थोडी दिशाभूल होते. हे शास्त्र पटकी आणि प्लेगाच्या साथींतून वाढले, हे खरे. परंतु गेल्या पाऊणशे वर्षांत त्याने आपले लक्ष मोठ्या प्रमाणात अशा आजारांकडे वळवले आहे, की ज्यांची साथ येत नाही आणि जे वीस-तीस वर्षे शरीरात मुकाट्याने वाढत राहतात. अशा आजाराचे कारण शोधायचे, तर आजारी माणसाला कारण विचारून भागत नाही. निरोगी असतानाच हजारो माणसांची नोंद करावी लागते, ती काय खातात, काय ओढतात, किती चालतात, त्यांचा रक्तदाब किती, हे लिहून ठेवावे लागते आणि मग पुढे कोणाला काय होते, याची वाट पाहावी लागते. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगायला नको. खर्च, मांडव, मशागत हे सारे आधी होते आणि एकदा वेल धरला, की मग घड वर्षानुवर्षे तुटत राहतात. शोधनिबंध म्हणजे ते घड. आपण घड मोजलेत. बाग केवढी आणि किती जुनी, हे विचारायला हवे होते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या एका गावात १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांपासून अशी एक बाग सुरू झाली. ही माणसे दर दोन वर्षांनी तपासणीला येत राहिली, १९७१ पासून त्यांची मुले आणि २००२ पासून नातवंडे त्यात दाखल झाली. उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांना आज प्रत्येक डॉक्टर 'रिस्क फॅक्टर', म्हणजे आजाराचा धोका वाढवणारी बाब, म्हणतो; तो शब्दप्रयोग तिथल्या संशोधकांच्या १९६१ मधल्या निबंधामुळे रूढ झाला. त्या एका गावाच्या नोंदींवर आजवर तीन हजारांहून अधिक निबंध लिहिले गेले आहेत. अशा प्रकल्पाच्या प्रमुखाचे नाव त्यांतल्या शेकडो निबंधांवर आले, तर त्यात नवल नाही. रक्त तपासणारे, नोंदी ठेवणारे, संख्याशास्त्री आणि पहिला मसुदा लिहिणारे तरुण विद्यार्थी वेगळे असतात. नियम असा आहे, की ज्याने आखणीत किंवा विश्लेषणात खरा वाटा उचलला, मसुदा लिहिला किंवा डोळसपणे सुधारला, अंतिम प्रतीला मान्यता दिली आणि चुकीची जबाबदारीही स्वीकारली, त्यालाच लेखक म्हणावे. दर पाच दिवसांना हे चारही निकष पाळले जातात का, याविषयी मला स्वतःला शंका आहे. विभागप्रमुखांचे नाव घालण्याची रीत आपल्याकडेही आहे, आणि एकाच घडाचे मणी सुटे करून चार पेट्यांत भरावेत, तसा एकाच निष्कर्षाचे चार निबंध करण्याचा प्रकारही चालतो.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण इंग्लंडमधले आहे. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या सुमारे ६० हजार डॉक्टरांना मुद्दाम अगदी छोटी ठेवलेली एक प्रश्नावली पाठवली आणि ४० हजारांवर डॉक्टरांनी ती भरून परत केली. तीन वर्षांच्या आत, फुप्फुसाच्या कर्करोगाचे केवळ ३६ मृत्यू हाती असताना त्यांनी पहिला निष्कर्ष छापला. ते तिथेच थांबले असते, तर कोणी दोष दिला नसता. परंतु डॉल थांबले नाहीत. २००४ साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी रिचर्ड पीटो आणि इतर सहकाऱ्यांसह त्याच डॉक्टरांचा पन्नास वर्षांचा ताळेबंद मांडला : आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी गेले, आणि ज्यांनी साठाव्या वर्षी सिगारेट सोडली, त्यांनाही सुमारे तीन वर्षे परत मिळाली. (डॉल स्वतः सिगारेट ओढत. याआधीच्या रुग्णालयांतल्या पाहणीचे आकडे हाती येऊ लागताच त्यांनी ती सोडली.)

आता विश्वासाविषयी. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पहाटे फिरायला येणारी मंडळी घरी बसणाऱ्यांपेक्षा ठणठणीत दिसतात, यावरून चालण्याने प्रकृती सुधारते, असे आपण चटकन म्हणतो. परंतु ज्यांचे गुडघे आणि छाती शाबूत आहे, तेच मैदानावर पोहोचतात, असेही असू शकते. जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकासमोर हाच पेच होता. लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या अभ्यासात त्यांना असे दिसले, की दिवसभर बसून असणाऱ्या बसचालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी होता. हा निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाला आणि गाजला. मग मॉरिस यांनी जे केले, ते मला मूळ शोधापेक्षाही मोलाचे वाटते. चालक मुळातच वेगळ्या अंगकाठीचे असतील तर, ही शंका घेऊन त्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि चालकांच्या पँटचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा असल्याचे १९५६ साली स्वतःच छापले. म्हणजे फरकाचा काही भाग जिन्यांचा, तर काही आधीपासूनच्या पोटाचा असू शकत होता. चालण्या-फिरण्याचा लाभ पुढे इतरांच्या अनेक अभ्यासांतून पक्का झाला, परंतु आपल्याच निष्कर्षाविरुद्धचा पुरावा शोधायला मॉरिस आधी निघाले होते.

म्हणून आपल्या भाच्याला निबंधांची संख्या विचारू नका. त्या संशोधकाने किती माणसांचा किती वर्षे पाठपुरावा केला, मध्येच किती जण गळाले आणि तोच निष्कर्ष दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या चमूला मिळाला का, हे विचारा. आणि 'धोका २० टक्क्यांनी वाढतो' असे वाक्य आले, तर गणिताच्या शिक्षिकेने लगेच विचारावे, कशाच्या २० टक्के? हजारात पाच जणांना होणारा आजार सहा जणांना झाला, तरी वाढ २० टक्केच म्हटली जाते.

प्रश्न : माझे वय ४१, वजन ५८ किलो. सातपूरला कारखान्यात काम करतो. कंपनीच्या तपासणीत शुगर निघाली. घरात कोणी जाड नाही. मशीन चुकले असेल का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : तपासणी पुन्हा अवश्य करून घ्या, कारण एका तपासणीवर मधुमेहाचा शिक्का मारू नये. परंतु सडपातळ आहे म्हणून शुगर होणार नाही, ही समजूत सोडावी लागेल, आणि ती चुकीची का, हे दाखवणारे काम आपल्यापासून फार दूर झालेले नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी लहान होती, मात्र त्वचेखालची चरबी त्यांनी बरीचशी राखली होती. दिसायला काटकुळे आणि आतून चरबीचे, अशी ही ठेवण आपल्यातले अनेक जण जन्मतःच घेऊन येतात.

याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा फोटो छापला होता. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर आपण किती विसंबावे, हे त्या एका फोटोवरून कळते. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच वजन जास्त मानतात, तेही याचसाठी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत वीस वर्षांवरील ११.४ टक्के लोकांना मधुमेह आढळला. त्यांतले सगळे जाड असते, तर ओळखणे सोपे झाले असते.

एक सूचना. सडपातळ माणसाला शुगर निघाली, की काही जण जेवण तोडतात आणि उरलेसुरले स्नायूही घालवतात. तसे करू नका. मधुमेहाचे प्रकार वेगवेगळे असतात, तेव्हा आपला कोणता, हे डॉक्टरांकडून ठरवून घेतल्यावरच आहार बदला.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे दीर्घकालीन आजारांचा धोका पाहणारी प्रश्नावली, भरते. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला बीपी-शुगर, असे सगळे विचारते. लोक म्हणतात, ताई, याचा उपयोग काय? माझ्याकडेही उत्तर नसते. आमचा फॉर्म म्हणजे संशोधन आहे का?
— निफाड तालुका

उत्तर : नाही, ताई, हे संशोधन नव्हे; परंतु आपण विचारता ते प्रश्न अशाच संशोधनातून आलेले आहेत. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचा सुमारे नव्वद टक्के धोका नऊ साध्या गोष्टींशी जोडता आला. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, व्यायामाचा अभाव ही त्यांतली काही नावे आपल्या फॉर्मवर ओळखीची वाटतील. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा जवळजवळ सहा वर्षे आधी येतो, असेही दिसले. आपल्या यादीत तिशीची माणसे का घेतली आहेत, हे विचारणाऱ्याला एवढे सांगता येईल. फॉर्ममधल्या उत्तरांचे एकूण गुण चारच्या वर गेले, तर त्या व्यक्तीला तपासणीच्या दिवशी आधी न्यावे. कमी आले, तरी तपासणी चुकवू देऊ नये.

घेर मोजताना मात्र एक सांभाळा. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर धरायचा असतो. स्त्रियांसाठी मर्यादा ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० आहे, त्यामुळे चार-पाच सेंटिमीटरांच्या चुकीने माणूस एका रकान्यातून दुसऱ्यात जातो. ओसरीवर चारचौघांत मोजायला गेलात, तर बायका संकोचून पोट आत ओढतात, आणि निऱ्यांच्या घडीवरून टेप फिरवला, तर माप लुगड्याचेच येते.