कुत्र्याचा पहिला विमानप्रवास: आधी पिंजरा, मग तिकीट

बारा किलोच्या कुत्र्याला कुडाळहून पहिल्यांदा विमानाने कसं न्यायचं, असं तुम्ही विचारलंत. गोव्यातलं मोपा विमानतळ कुडाळहून तासाभरावर, त्यामुळे ती चिंता नको. पण तिकीट काढण्याआधी एअरलाइनला फोन करा. सगळ्या कंपन्या प्राणी घेत नाहीत, आणि घेतात त्याही एका विमानात मोजकेच. शक्यतो थेट विमान बघा; मे महिन्यात तर पहाटेचंच.

केबिनची वजनमर्यादा कुत्रा आणि पिशवी मिळून असते. नवखे नुसत्या कुत्र्याचं वजन करतात आणि काउंटरवर अडकतात. तुमचा बारा किलोचा गडी विमानाच्या पोटातूनच, म्हणजे सामानाच्या कप्प्यातूनच जाणार, तेव्हा सगळं लक्ष पिंजऱ्यावर द्या. कान छताला न लागता उभं राहता यावं, गोल फिरता यावं, पसरून झोपता यावं. पिंजऱ्याचे वरचा-खालचा असे दोन्ही भाग नटबोल्टने जोडा, प्लास्टिकच्या खिट्ट्या हिसक्याने सुटतात. पाण्याची वाटी आदल्या रात्री फ्रीझरमध्ये गोठवून दाराला आतून अडकवा: चढवताना सांडत नाही, नंतर हळूहळू वितळते.

पिंजरा महिनाभर आधी घरात उघडा ठेवा, जेवण त्यातच द्या. आदल्या दिवशी आणलेला पिंजरा ही सर्वांत मोठी चूक.

बाकी थोडक्यात:

- रेबीजची लस वेळेत, प्रवासाला तीस दिवस तरी आधी. आरोग्य दाखला किती ताजा हवा, ते एअरलाइनलाच विचारा.
- झोपेचं औषध नको. श्वास आणि रक्तदाब बिघडतो.
- निघण्याच्या चार-सहा तास आधी हलकं खाणं. भात-मासळी भरपेट नकोच.
- पग, बुलडॉग असेल तर पोटातून पाठवू नका, रेल्वे बरी.