विमानात एक जण आजारी असेल तर सगळ्यांना लागण होते का? साथीच्या बातम्या सुरू झाल्यावर तिकीट रद्द करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईवडील सत्तरीच्या आसपासचे, पुढच्या महिन्यात मुंबईहून दुबईमार्गे टोरांटोला जायचे आहेत आणि परदेशातल्या साथीच्या बातम्या रोज कानावर येताहेत. बंद विमानात एकाचा आजार सगळ्यांना लागतो का, विमानतळावर ताप तपासतात ते पुरेसं आहे का, तिकीट रद्द करावं का? साथरोग नियंत्रण हे माझ्या कामाचं क्षेत्र आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हवेचं बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. विमान उडत असताना केबिनमधली हवा तासाला साधारण 20 ते 30 वेळा बदलते. रुग्णालयात हवेतून पसरणाऱ्या आजारांसाठी जी विलगीकरणाची खोली असते, तिच्यासाठी तासाला 12 वेळा हवा बदलणं पुरेसं मानतात. केबिनमधली साधारण निम्मी हवा बाहेरून घेतलेली असते. उरलेली निम्मी केबिनमधलीच, पण हेपा फिल्टरमधून काढलेली, आणि हा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे कणसुद्धा 99.97 टक्के अडवतो. शिवाय हवा छताजवळून खाली येते आणि त्याच रांगेच्या आसपास पायाजवळच्या जाळ्यांतून बाहेर पडते. पहिल्या रांगेतली हवा चाळिसाव्या रांगेपर्यंत वाहत जात नाही. त्यामुळे एक जण खोकला आणि अख्खं विमान आजारी पडलं, असं सहसा होत नाही.

शेजाऱ्याचा धोका मात्र खरा आहे, कारण आजारी माणसाच्या तोंडातून निघालेली हवा फिल्टरपर्यंत पोचण्याआधी शेजाऱ्याच्या नाकावरून जाते. 1 मार्च 2020 ला लंडनहून हनोईला निघालेल्या विमानात बिझनेस क्लासमध्ये कोविडची लक्षणं असलेली एक प्रवासी होती. प्रवास साधारण दहा तासांचा होता आणि मास्कची सक्ती तेव्हा नव्हती. तिच्यापासून 15 जणांना लागण झाल्याचं नंतरच्या तपासात दिसलं. त्यातले 12 तिच्याच केबिनमधले होते, मागच्या मोठ्या इकॉनॉमी केबिनमध्ये फक्त दोघं आणि एक कर्मचारी. जवळ बसणं आणि जास्त वेळ बसणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की हे होतं. क्षयरोगाच्या सहवासितांचा (रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांचा) शोध घेताना प्रवास आठ तासांहून जास्त होता का आणि मागेपुढे दोन रांगांत कोण बसलं होतं, हेच विचारतात.

दोन रांगा ही शोधाच्या सोयीसाठी ठरवलेली मर्यादा आहे, तिला भिंत समजू नका. 15 मार्च 2003 ला हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानात 120 जण होते. तीन तासांच्या त्या प्रवासात सार्स या गंभीर श्वसनरोगाच्या एका रुग्णाकडून 22 जणांना लागण झाली आणि त्यातले काही सात रांगा दूर होते. त्याच अभ्यासात दुसऱ्या एका विमानात लक्षणं असलेले चार रुग्ण असूनही जास्तीत जास्त एकाला लागण झाली. एखादा रुग्ण खूप पसरवतो, बाकीचे फारसे पसरवत नाहीत आणि कोण कसा निघेल हे आधी कळत नाही.

आता ज्याकडे कुणी लक्ष देत नाही ती गोष्ट: विमान जमिनीवर उभं असतानाचा वेळ. वर सांगितलेले आकडे वायुवीजन चालू असतानाचे आहेत. 1977 मध्ये अलास्कात एक विमान इंजिनाच्या बिघाडामुळे तीन तास धावपट्टीवर अडकलं, तेव्हा आतलं वायुवीजन बंद होतं आणि एक प्रवासी फ्लूने आजारी होती. आत होते 54 जण, आणि 72 तासांत प्रवाशांपैकी 72 टक्के आजारी पडले. 2020 च्या सप्टेंबरमध्ये दुबई-ऑकलंड विमानातही प्रवासात लागण झाली. ते विमान वाटेत क्वालालंपूरला इंधन भरायला थांबलं, तेव्हा सहायक वीजयंत्र (इंजिनं बंद असताना वीज आणि हवा पुरवणारं यंत्र) अर्धा तास बंद होतं. ते बंद असलं आणि बाहेरून हवा जोडलेली नसली तर हवा बदलतच नाही. म्हणून आईवडिलांना सांगा की मास्क लावायचाच असेल तर चढताना, विमान उभं असताना आणि उतरण्याच्या रांगेत तो नाकावर असायलाच हवा. पुष्कळ लोक नेमके याच्या उलट वागतात: आकाशात मास्क लावून बसतात आणि चाकं टेकली की काढून खिशात घालतात.

मास्क एन95 घ्या, दोन पट्ट्यांचा, एक पट्टी डोक्याच्या वरच्या भागावर आणि एक मानेवर. नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची. चष्म्यावर वाफ येत असेल तर वरून हवा निसटते आहे, पुन्हा बसवा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. दोघांसाठी प्रत्येक उड्डाणाला प्रत्येकी एक आणि वर दोन जादा एवढे पुरतात. जेवताना काढावा लागणारच, तेव्हा शेजारचा जेवून होईपर्यंत थांबून मग जेवलं तर दोघांचेही मास्क एकाच वेळी निघालेले नसतात. वडिलांना दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर इतके तास एन95 लावण्याबद्दल आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

जागा शक्यतो खिडकीची, कारण आइलच्या सीटशेजारून लोक सतत ये-जा करतात. डोक्यावरचा हवेचा नॉझल बंद करू नका. मध्यम उघडा आणि झोत चेहऱ्याच्या थोडा पुढून मांडीवर पडेल असा ठेवा. हातासाठी किमान 60 टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर, बाटली 100 मिलिलिटरपर्यंतची, म्हणजे सुरक्षा तपासणीत अडत नाही. मात्र नोरोव्हायरससारख्या उलटी-जुलाबाच्या विषाणूवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही, तिथे साबण आणि पाणीच हवं. विमानातल्या शौचालयातून आल्यावर जेवणाआधी हे लक्षात ठेवा.

विमानतळावरच्या तापाच्या तपासणीवर माझा फारसा भरवसा नाही. थर्मल कॅमेरा त्वचेचं तापमान मोजतो, रक्तातला विषाणू त्याला दिसत नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा जो अधिशयन काळ असतो, त्यात माणूस ठणठणीत दिसतो. कोविडमध्ये तो चार-पाच दिवस, इबोलात 21 दिवसांपर्यंत, गोवरात सुमारे 10 ते 14 दिवस. त्यात कुणी पॅरासिटामॉल घेऊन आला की कॅमेऱ्याला काहीच सापडत नाही. 2003 मध्ये कॅनडाने सार्ससाठी सुमारे 65 लाख प्रवासी तपासले, 9,100 जणांना पुढच्या तपासणीला पाठवलं आणि त्यात सार्सचा एकही रुग्ण निघाला नाही. भारतातही स्वाइन फ्लूचा पहिला रुग्ण मे 2009 मध्ये अमेरिकेहून हैदराबादला आलेला प्रवासी होता. विमानतळांवर तपासणी चालू असतानाच साथ पुढे पसरली आणि ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला.

एका आजारात मात्र विमानतळावरची तपासणी नेमकी लागू पडते: पीतज्वर (यलो फीव्हर). तो आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे. त्याची लस आयुष्यभर पुरते आणि दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. अधिशयन काळ सहा दिवसांपर्यंतचा असतो, म्हणून पीतज्वराच्या देशातून प्रमाणपत्राशिवाय येणाऱ्याला विमानतळ आरोग्य अधिकारी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस आहे, मुदत ठरलेली आहे, कागद तपासता येतो, म्हणून ही व्यवस्था चालते. तुमच्या आईवडिलांच्या मार्गावर तिचा संबंध येत नाही.

आता घबराटीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात तीच जास्त जाणवली. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. काही दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली. त्यात तिथल्या यंत्रमागांवर काम करणारे खानदेशातले कामगारही होते. दुकानांतून टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक नाहीसं झालं. आखाती देशांसह काही देशांनी भारतातली विमानं थांबवली, निर्यात आणि पर्यटनाला मोठा फटका बसला. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले आणि भारतातून एकही खात्रीचा प्लेगचा रुग्ण दुसऱ्या देशात गेला नाही. न्यूयॉर्कमध्ये प्लेगच्या संशयावरून ज्यांना तपासलं, त्यांच्यातल्या काहींना मलेरिया, टायफॉइड निघाला. प्लेग कुणालाच नव्हता.

असं का झालं, याला कारणं आहेत. फुप्फुसाचा प्लेग एक ते चार दिवसांत माणसाला आडवा करतो, त्यामुळे आजारी माणूस सहसा प्रवासाला निघतच नाही. हा आजार अगदी जवळच्या खोकल्याच्या थेंबांतून पसरतो आणि वेळेत दिलेल्या साध्या अँटिबायोटिकने आटोक्यात येतो. फ्लू आणि कोविड याच्या उलट आहेत. लक्षणं येण्याआधीच ते पसरायला लागतात, म्हणून बातमी छापून येईपर्यंत ते चार देशांत पोचलेले असतात. प्लेगचं नाव भयंकर आणि फ्लूचं नाव किरकोळ वाटतं, पण विमानातून जगभर जाण्याची ताकद फ्लूत आहे.

म्हणून बातमी वाचताना एवढं शोधा: लक्षणांआधी पसरतो का, श्वासातून पसरतो की रक्त-उलटी-डासातून, आणि लस किंवा औषध आहे का. जुलै 2014 मध्ये इबोलाचा एक रुग्ण लायबेरियातल्या मन्रोव्हियाहून नायजेरियातल्या लागोसला विमानाने आला, तोही आजारी अवस्थेत. सहप्रवाशांपैकी कुणालाही लागण झाली नाही, कारण इबोला रुग्णाच्या रक्त-उलटीच्या थेट स्पर्शातून पसरतो. लागण झाली ती विमानतळावर त्याच्या मदतीला आलेल्यांना आणि रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना. नायजेरियाने जवळपास 900 सहवासित शोधून रोज त्यांची विचारपूस केली. एकूण 20 रुग्ण आणि 8 मृत्यूंवर साथ थांबली आणि 20 ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. साथ थांबवली ती दारोदार फिरणाऱ्या माणसांनी.

विमानं बंद करण्याने साथ थोडी उशिरा येते, थांबत नाही, आणि खरी माहिती देणाऱ्यालाच शिक्षा होते. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराची माहिती जगाला दिली आणि तिथली विमानं लगेच बंद झाली. नेदरलँड्समध्ये तो त्याआधीच्या नमुन्यांतही नंतर सापडला. हेच माणसांनाही लागू आहे. शेजारचा खोकतोय म्हणून त्याचा व्हिडिओ काढला, आरडाओरडा केला, तर पुढचा आजारी माणूस गोळी घेऊन गप्प बसेल. पुण्यात 2009 मध्ये नायडू रुग्णालयासमोर घाबरलेले निरोगी लोक आणि खरे रुग्ण एकाच रांगेत उभे होते, आणि लागण व्हायला अशी रांग विमानापेक्षाही सोयीची जागा असते.

शेजारी खरंच आजारी असेल तर शांतपणे केबिन क्रूला सांगा, शक्यतो विमान सुटण्याआधी. 38 अंश किंवा जास्त ताप आणि सोबत सततचा खोकला, धाप, पुरळ, सतत उलट्या किंवा जुलाब, विनाकारण रक्तस्राव, गोंधळलेपण यांपैकी काही असेल तर त्यांची ठरलेली पद्धत आहे: रुग्णाला मास्क, शक्य असेल तर वेगळी जागा, त्याच्यासाठी एकच कर्मचारी, एक शौचालय राखीव, आणि कॅप्टनमार्फत उतरण्याच्या विमानतळाला आधी कळवणं. उतरल्यावर बसून राहायला सांगतील, फॉर्म भरून घेतील. त्यावर चालू असलेला फोन नंबर लिहा. जागा बदलली असेल तर तेही सांगा, कारण शोध सीट नंबरावरून होतो. बोर्डिंग पास तीन आठवडे जपून ठेवा.

तुमच्या आईवडिलांचं तिकीट मी रद्द केलं नसतं. फ्लूची लस निघायच्या किमान दोन आठवडे आधी द्या, म्हणजे आत्ताच. कॅनडात 2025 मध्ये गोवराचे पाच हजारांहून जास्त रुग्ण झाले, पण या वयाच्या बहुतेकांना तो लहानपणी होऊन गेलेला असतो. सोबत किंवा तिकडे एक वर्षाच्या आतलं नातवंड असेल तर मात्र त्याच्या गोवराच्या लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांशी बोला. निघायच्या दिवशी दोघांपैकी कुणाला ताप असेल तर तारीख पुढे ढकला, आणि पॅरासिटामॉलशिवाय 24 तास ताप नसेल तेव्हाच निघा. म्हणूनच तिकीट तारीख बदलता येणारं असावं आणि विम्यात आजारपणामुळे प्रवास रद्द होण्याची तरतूद असावी.

प्रवासानंतर 21 दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात कुठून, कधी आलो ते सांगायला सांगा, आणि दवाखान्यात जाण्याआधी फोन करा. मुंबईहून गेलेल्या माणसाला टोरांटोत ताप आला तर मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी मागून घ्या. बातमीतल्या आजारापेक्षा त्याची शक्यता जास्त असते आणि तिथल्या डॉक्टरच्या मनात तो लगेच येईलच असं नाही.