दोन हँडी सेटपैकी कोणाचे हार्मोनिक्स कमी, हे टायनीएसए अल्ट्रावर कसं ठरवायचं?

हार्मोनिक्स म्हणजे हातातल्या वायरलेस सेटमधून मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीवर निघणारे नकोसे सिग्नल; टायनीएसए म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारा छोटा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर. तुम्ही दोन्ही सेट टेबलावर ठेवून, टायनीएसएला छोटी अँटेना लावून आकडे घेतलेत. त्यावरून सेटची तुलना होत नाही. 145 मेगाहर्ट्झसाठी बनवलेली अँटेना 290 वर निराळीच वागते, आणि सेट वीतभर सरकवला तरी रीडिंग बदलतं. सिग्नल केबलनेच घ्या.

सेटची पॉवर 5 वॉट, म्हणजे 37 डीबीएम (1 मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीत, मोजलेली पॉवर). एवढा सिग्नल थेट दिला तर टायनीएसएचं इनपुट जळेल. सेटला लागून 40 डीबीचा, 10 वॉट झेपणारा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) लावा, त्यापुढे 20 डीबीचा छोटा. हा क्रम उलटला तर छोटा जळतो. टायनीएसएपाशी आता साधारण उणे 23 डीबीएम पोचतात. डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रोध) वेगळा नको, अटेन्युएटरच 50 ओहमचा लोड होतो.

145, 290 आणि 435 भोवती 1 मेगाहर्ट्झचा स्पॅन (पडद्यावर दिसणारा पट्टा), आरबीडब्ल्यू (एका वेळी मोजल्या जाणाऱ्या पट्टीची रुंदी) 10 किलोहर्ट्झ ठेवा. टायनीएसएच्या आतला अटेन्युएटर ऑटोवर सोडू नका, 10 डीबीवर हाताने लावा. दोन्ही सेटना तीच केबल, तेच अडॅप्टर, पूर्ण चार्ज बॅटरी, तीच पॉवर. सीटीसीएसएस (आवाजासोबत जाणारा बारीक टोन) बंद, माइकसमोर शांतता, पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) एका वेळी पाचेक सेकंदच.

खरी फसगत पुढे आहे. पडद्यावर 290 दिसत असलं तरी 145 चा जोरदार कॅरियर (सेटचा मूळ सिग्नल) टायनीएसएच्या मिक्सरवर (फ्रिक्वेन्सी बदलणारा आतला भाग) आदळतच असतो, आणि मिक्सर स्वतःच हार्मोनिक तयार करतो. म्हणून आतला अटेन्युएटर 10 वरून 20 करा. सेटचा खरा हार्मोनिक असेल तर आकडा तोच राहतो, कारण टायनीएसए ते 10 डीबी हिशेबात धरतो. 290 चा आकडा साधारण 10 डीबीने उतरला, तर तो टायनीएसएने बनवलेला. 435 असाच खोटा असेल तर 20 च्या आसपास उतरतो. असं झालं की आकडा स्थिर होईपर्यंत अटेन्युएशन वाढवत जा, आणि मग तेच दोन्ही सेटना ठेवा.

तुलना कॅरियर आणि हार्मोनिकमधल्या फरकाची करा, नुसत्या डीबीएमची नको. उणे 23 आणि उणे 78 असेल तर फरक 55 डीबी. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) 43 + 10 लॉग पी (पी म्हणजे वॉटमधली पॉवर) या सूत्राने 5 वॉटला 50 डीबी लागतात, तेव्हा हा सेट पास. दोन सेटमध्ये एक-दोन डीबीचाच फरक निघाला तर दोन्ही सारखेच समजा, टायनीएसएची अचूकता त्यापलीकडे जात नाही.

435 वरचं प्रसारण तपासायचं असेल तर दुसरा हार्मोनिक 870 ला येतो. 800 च्या वर जायला अल्ट्रा मोड चालू करावा लागेल.