सिग्नलला थरथर, हायवेला हिसके

प्रश्न : काका, नमस्कार. गेल्या उन्हाळ्यात मी 1999 ची मर्सिडीज एसएलके 230 कॉम्प्रेसर सेकंडहँड घेतली. 1,18,000 मैल झालेत. सकाळी गार असताना गाडी झकास चालते. तापली की सिग्नलला उभी असताना थरथरते, आरपीएमचा काटा सहाशे ते नऊशेच्या मध्ये झोके घेतो. हायवेवर शिरताना जोरात पाय दाबला की हिसके मारते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो. इथला मेकॅनिक म्हणतो सुपरचार्जर गेला. मी चारही प्लग नवे टाकले, हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर ऑनलाइन स्वस्तात मिळाला तोही बसवला. फरक शून्य. स्कॅनरवर कोड आलेत पी 0171, पी 0302 आणि पी 0303. सुपरचार्जर बदलू की गाडी काढून टाकू?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही नको. आधी तो लुकलुकणारा दिवा. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर सवडीने बघा. लुकलुकतोय याचा अर्थ मिसिंग (सिलिंडरमधलं मिश्रण न पेटता तसंच जाणं) एवढं आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. तो लाल होईपर्यंत तापतो, आतली जाळी वितळते, आणि मग खरोखर मोठा खर्च निघतो. तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत हायवेवर पाय हलका ठेवा.

आता सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा ब्लोअर. तुमच्या गाडीत 2295 सीसीचं चार सिलिंडरचं एम 111 इंजिन आहे आणि त्यावर ईटन कंपनीचा रूट्स पद्धतीचा ब्लोअर. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी या यंत्राचं पेटंट घेतलं ते 1860 मध्ये, मोटारी जन्मायच्या आधी. पुढे तो ओतशाळांच्या भट्ट्यांना वारा घालायला जगभर गेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्युपोला भट्टीशेजारी उमेदवारी केलेल्या माझ्यासारख्याला त्याची भीती वाटत नाही ती म्हणूनच. आत दोन पाती, त्यांना जोडणारे गिअर, चार बेअरिंग. बिघडला तर खडखडतो, कर्कश ओरडतो, किंवा जोर कमी देतो. दोनच ठरावीक सिलिंडरना मिसिंग द्यायचं काम त्याला जमत नाही, कारण त्याची हवा चौघांना सारखीच जाते.

शिवाय तुमच्या मॉडेलला पुलीत एसीच्या कॉम्प्रेसरला असतो तसा विद्युतचुंबकी क्लच आहे. बॉनेट उघडा, इंजिन तापू द्या, आणि टॉर्च मारून ब्लोअरच्या पुढच्या टोकाकडे बघा. पट्टा पुलीला फिरवतोय, पण तिच्या तोंडाशी असलेली क्लचची चकती स्थिर. म्हणजे आयडलवर (गाडी उभी, पाय न दाबता इंजिन चालू) ब्लोअर फिरतच नाहीये. जो फिरत नाही तो सिग्नलला थरथर कशी करेल, हा प्रश्न त्या मेकॅनिकला विचारा. शिंका येतात म्हणून नाक कापायचा सल्ला आहे हा.

तुमच्या गाडीत एक नाही, दोन दुखणी आहेत असं मला वाटतं, आणि ती एकमेकांना झाकतायत.

पहिलं, 0302 आणि 0303. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दोन आणि तीन नंबर मिसिंग करतायत. या इंजिनात चार प्लगना दोनच कॉइल आहेत. एक कॉइल 1 आणि 4 ला ठिणगी देते, दुसरी 2 आणि 3 ला. चारांतले नेमके जोडीदार असलेले दोघे एकदम रुसले की संशयित एकच. कॉइलच्या आतलं इन्सुलेशन म्हातारं झालं की गार असताना ती काम भागवते, तापली की सोडते. आणि ब्लोअरचा दाब आला की सिलिंडरमधली हवा दाट होते. दाट हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. अर्धमेली कॉइल नेमकी तिथेच हात टेकते. हायवेवरचे हिसके ते हे.

खात्रीला पैसे लागत नाहीत. इंजिन पूर्ण गार करा (हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लगला पाना लावू नका, आटे घेऊन बाहेर येईल). दोन्ही कॉइल काढून एकमेकींच्या जागी बसवा, त्यांच्यासोबतच्या वायरी मात्र जागच्या जागी राहू द्या. कोड पुसा, गाडी तापवा, परत बघा. आता 0301 आणि 0304 आले तर गुन्हेगार कॉइल. 0302 आणि 0303 च राहिले तर वायर, प्लगची टोपी किंवा कनेक्टर. काढलेली रबरी टोपी नुसती पुसून ठेवू नका, उजेडात फिरवून बघा. आतल्या बाजूला केसाएवढी राखाडी रेघ वरून खाली गेलेली दिसली तर ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता त्या रेघेवरून हेडमध्ये उतरतेय. आणि प्लगच्या खोल विहिरीत बोट घाला. तेल लागलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गेलंय, आणि ते तेल रबर फुगवून त्याची वाट लावतं. नव्या कॉइलबरोबर ते पॅकिंगही बदला, नाहीतर पुढच्या वर्षी हेच पत्र परत लिहाल.

दुसरं दुखणं 0171. याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. इथे सुपरचार्जरवाल्या इंजिनाची खरी गंमत आहे, आणि नेमकी इथेच लोक फसतात. थ्रॉटलच्या (पायाने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांना, जोडलेल्या एखाद्या पाइपला भेग आहे असं धरा. आयडलवर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो. ती भेग बाहेरची न मोजलेली हवा आत खेचते. कंप्युटरला त्या हवेचा पत्ता नसतो, मिश्रण पातळ होतं, काटा झोके घेतो. पाय दाबला की ब्लोअरचा दाब येतो, आणि तीच भेग आता उलटी चालते. मोजलेली हवा बाहेर फेकते. कंप्युटरने त्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल दिलेलं असतं, म्हणून मिश्रण जाड होतं आणि प्लग ओले होतात. एकच भोक सिग्नलला एक रोग दाखवतं आणि हायवेवर नेमका त्याच्या उलटा. साध्या गाडीवर शिकलेला मेकॅनिक एकदा म्हणतो पेट्रोल कमी, एकदा म्हणतो जास्त, आणि शेवटी कंटाळून सुपरचार्जरवर बोट ठेवतो.

पकडायचं कसं? स्कॅनरवर फ्युएल ट्रिम असतो, म्हणजे कंप्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय. तापलेल्या आयडलवर आकडा लिहा. मग गाडी उभीच ठेवून 2500 वर रेस धरा आणि पुन्हा लिहा. आयडलला अधिक अठरा-वीस आणि 2500 ला चार-पाच आला तर बाहेरून हवा खेचतेय. रेस वाढली की एकूण हवेच्या मानाने ती गळती किरकोळ ठरते. आयडलला ठीक आणि जोर मागितला की वाढतो, तर हवेचा सेन्सर कमी मोजतोय किंवा पेट्रोल पंप-फिल्टर थकलेत. तिथे प्रेशर गेज लावल्याशिवाय बोलू नये.

भेग सापडवायला स्मोक टेस्ट करून घ्या. इनटेकमध्ये हलक्या दाबाने धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते बघतात. चालू गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारायचा जुना उद्योग करू नका, आग लागते. पंचवीस वर्षांच्या गाडीत मी पहिल्यांदा इंजिनाच्या श्वासाचे, म्हणजे ब्रीदरचे, पाइप बघतो. इनटेकच्या खालून जाणारे ते काळे पाइप वरून ठणठणीत दिसतात. हाताने वाकवले की खालच्या वळणावर बिस्किटासारखे कडकन बोलतात. मग इंटरकूलरच्या (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) होजचे क्लॅम्प, आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांची टोकं.

तो स्वस्तातला सेन्सर मात्र काढा. जुना फेकला नसेल तर तोच परत लावा. नव्याच्या वायरीचा प्लग उपसून गाडी चालवून बघा: सेन्सर नसला की कंप्युटर अंदाजपंचे आकडे धरून चालतो. सेन्सर उपसल्यावर गाडी सुधारत असेल तर तो सेन्सर खोटं बोलतोय. या बाबतीत माझं मत पक्कं आहे. मूळ उत्पादकाचा परवडत नसेल तर थांबा, पण अनोळखी नावाचा घेऊ नका, कारण मग पुढची प्रत्येक तपासणी त्याच्या खोट्या साक्षीवर उभी राहते.

बॉनेट उघडंच आहे तर आणखी एक गोष्ट. हेडच्या पुढच्या बाजूला कॅमशाफ्ट ॲडजस्टरचा (व्हॉल्व्ह उघडायची वेळ पुढेमागे करणाऱ्या यंत्रणेचा) मॅग्नेट आहे. त्याचा वायरीचा प्लग काढा. आत तेल दिसलं तर घाबरा, या वेळी खरंच. मॅग्नेटमधून झिरपणारं तेल वायरीच्या आत, तांब्याच्या तारांमधून केशाकर्षणाने चढत चढत थेट कंप्युटरच्या कनेक्टरपर्यंत जातं. मग कोड असे येतात की ज्याचा कशाशीच मेळ बसत नाही. प्लग कोरडा असेल तर देवाचे आभार माना आणि मॅग्नेट तरीही बदला, तो कंप्युटरच्या मानाने फुटकळ किमतीत येतो.

एवढं करूनही गाडी डी मध्ये उभी असताना थरथरते, आणि न्यूट्रलला शांत होते, शिवाय मिसिंगचा एकही कोड नाही, तर इंजिनाला बोल लावू नका. इंजिन माउंट, म्हणजे इंजिनाखालचे आधार, बसलेत.

आणि कोड पुसून लगेच इन्स्पेक्शनला जाऊ नका. पुसल्यावर कंप्युटरचे सगळे मॉनिटर, म्हणजे त्याने स्वतः केलेल्या तपासण्यांच्या नोंदी, कोरे होतात. न्यू जर्सीच्या तपासणीत ते अपुरे दिसले की गाडी परत पाठवतात. आधी काही दिवस गावात आणि हायवेवर मिळून फिरवा.

प्रश्न : माझ्याकडे 2004 ची मिनी कूपर एस आहे. रेस वाढली की बॉनेटखालून शिळेसारखा आवाज येतो. शेजारी म्हणतात सुपरचार्जर बदलायला झाला. खरं का?
– एक वाचक, स्लाव, इंग्लंड

उत्तर : शीळ रेसबरोबर चढते-उतरते तोवर तो त्या गाडीचा गळाच आहे, ऐकत चला. तुमच्या ईटन एम 45 ला क्लच नाही, तो कायम फिरतो. घाबरायचं ते आयडलवरच्या खडखडीला. तशी ऐकू आली तर पट्टा उतरवून इंजिन क्षणभर चालू करा. आवाज गेला तर तो पट्ट्यावर फिरणाऱ्या कशाचा तरी आहे: ब्लोअर, पट्टा ताणणारा टेन्शनर, अल्टरनेटर. अर्ध्या मिनिटात बंद करा मात्र, कारण या गाडीत पाण्याचा पंपही ब्लोअरच्याच मागच्या टोकावर, त्याच्या गिअरवर चालतो. पट्टा नाही म्हणजे पाणी फिरत नाही.

हीच त्या इंजिनाची दुखरी नस. ब्लोअरला इंजिनाचं तेल मिळत नाही, त्याचं स्वतःचं थोडं तेल पुढच्या आणि मागच्या अशा दोन वेगळ्या कप्प्यांत असतं. मागचा कप्पा कोरडा पडला की पंप फिरवणारा गिअर झिजतो, एक दिवस दातच राहत नाहीत, पंप थांबतो आणि इंजिन तापून जातं. गाडी घेतल्यापासून ते तेल कुणी बदललंय याची पावती नसेल, तर शेजाऱ्यांचं न ऐकता एवढं काम करून घ्या. त्यासाठी ब्लोअर उतरवावा लागतो, म्हणून पंपही त्याच वेळी नवा टाका. आणि वरच्या इंटरकूलरच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट परत बसवताना नीट घरात बसलेत ना बघा, वाकडे बसले की दाब तिथूनच पळतो.

प्रश्न : घाईत 87 ऑक्टेनचं साधं पेट्रोल भरलं, गाडीच्या झाकणावर प्रीमियम लिहिलंय. गाडी मिसिंग करेल का? टाकी रिकामी करू?
– एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : मिसिंग नाही करणार. नॉक सेन्सरला ठोका (मिश्रण आपोआप पेटल्याचा आवाज) ऐकू आला की कंप्युटर ठिणगी उशिरा देतो, गाडी मठ्ठ वाटते, एवढंच. पण दाबाखाली ठोका पिस्टनला वाईट, म्हणून ही टाकी संपेपर्यंत पाय दाबू नका, चढाला गिअर उतरवा. रिकामी करायची गरज नाही. अर्धी झाली की वर 91 ऑक्टेनचं प्रीमियम भरा.