शिट्टी कुणाच्या बाजूची?

पोरा,

फुटबॉल मॅचनंतरचा तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी वाचला. ‘पंच विकला गेलाय.’ एवढंच.

विकला गेला असं मी म्हणणार नाही. तुझं सगळंच खोटं असंही म्हणणार नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मी पंच म्हणून बारा वर्षं शिट्टी वाजवली, त्याआधी तिथंच खेळताना लाथा खाल्ल्या.

त्यांच्या सहा नंबरनं तुला मागनं पाडलं, ते फाऊलच होतं. पण पंच मैदानाच्या मधल्या वर्तुळाजवळ, आणि मध्ये दोघं आडवे. त्याला तू पडताना दिसलास, पाय लागताना नाही. २०१० च्या वर्ल्ड कप फायनलला नेदरलँड्सच्या डी याँगनं स्पेनच्या आलोन्सोच्या छातीत बूट घातला आणि पंच हॉवर्ड वेबनं नुसतं पिवळं कार्ड दाखवलं. नीट दिसलंच नव्हतं, हे नंतर त्यानंच कबूल केलं.

तुझ्या पिवळ्या कार्डाबद्दल मात्र भांडू नकोस. फुटबॉलचा नियम बारा वाच. निष्काळजीपणानं पाय लागला तर नुसती फ्री किक, समोरच्याला काय होईल याची पर्वा न करता घुसलास तर पिवळं, गरजेपेक्षा जास्त ताकद लावलीस तर लाल. तू दहा पावलं पळत येऊन घसरलास रे! वरून बघताना दोन्ही टॅकल, म्हणजे बॉल काढून घ्यायला घुसणं, सारखेच दिसतात.

आता गॅलरीतल्या आरड्याओरड्याचं. इंग्लंडमध्ये चाळीस पंचांना एकाच मॅचचे टॅकल दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, बाकीच्यांना बिनआवाजाचे. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. २००२ साली हा अभ्यास छापून आला तेव्हा मला नवल वाटलं नाही. एका सेमीफायनलला अख्खी पेठ ‘हात! हात!’ करून ओरडली आणि माझी शिट्टी वाजून गेली. बॉल हाताला लागला होता की कमरेला, मला आजही सांगता येत नाही. पेनल्टी मात्र दिली. त्या गोलकीपरची पाठ अजून डोळ्यासमोर आहे. तो काही बोलला नाही, नुसता वळून गोलकडं चालत गेला.

म्हणून पहिली दहा मिनिटं पंच काय सोडतो, काय धरतो ते बघत जा. खांद्याला खांदा चालवून घेतो का, जर्सी ओढल्यावर वाजवतो का. त्या मापानं खेळ. तक्रार कॅप्टननं करायची, तीही बॉल बाहेर गेल्यावर. सहा जण अंगावर धावून आले की पंचाला निर्णय बदलायचा असला तरी बदलता येत नाही, हे मी स्वतः भोगलंय. आणि मैदान सोडून जायचं तर नावच काढू नकोस. २०२३ मध्ये बंगळूरच्या सुनील छेत्रीनं समोरचे तयार व्हायच्या आत फ्री किक मारून गोल केला, म्हणून केरळा ब्लास्टर्सचा संघ निघून गेला. गोल तसाच राहिला, वर ४ कोटींचा दंड बसला.

रविवारी सकाळी सरावाला ये. बूट घरी ठेव. शिट्टी मी आणतो, पहिला हाफ तू वाजव.

तुझा,
काका

ता. क. कार्डं खिशात वेगवेगळी ठेव. घाईत चुकीचं निघतं.